बहिणीला बॉर्डरलाइन सांगितलंय, मेंदूचा स्कॅन दाखवला तर बाबांना पटेल का?

गावभागातला_मी (सांगली)

नमस्कार मंडळी, जरा लांबडं होणार आहे, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण, वय २४. मागच्या महिन्यात मिरजेतल्या एका सायकॅट्रिस्टनी तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं फार अवघड जातं तो मानसिक आजार, आहे म्हणून सांगितलं. त्याच्याआधी एकानं डिप्रेशन म्हटलं, दुसऱ्यानं बायपोलर असेल म्हटलं, गोळ्या बदलत बदलत वर्षं गेली. निदान एक नाव कळलं म्हणून मला हायसं वाटलं पण घरात उलटंच झालंय. बाबा म्हणतात ही सगळी नाटकं आहेत, लाडावून ठेवल्याचा परिणाम, डॉक्टरला काय, फी मिळाली की तो पाहिजे ते नाव देतो. आई मधल्या मधी भरडली जाते.

तिचं कसं होतं ते सांगतो. परवाचीच गोष्ट, आई भाकरी थापत होती, हिनं मागनं येऊन काहीतरी विचारलं, आईचं लक्ष तव्यावर, तोंडावर राग नाही हसू नाही काहीच नाही, नुसतं "हं" म्हणाली. झालं. "तू माझ्यावर का चिडलीयस?" आई म्हणाली अगं मी कुठं चिडले, तर म्हणे तुझं तोंडच सांगतंय. तिथनं जे सुरू झालं ते रात्री जेवणं बाजूला राहीपर्यंत, मी नकोच आहे तुम्हाला, मला कायम असंच केलं, दार आपटणं, रडून रडून श्वास लागणं. आणि सकाळी उठून आईच्या गळ्यात हात टाकून चहा पीत बसलीय. आईला कळेचना आता हसावं का रडावं. मला मेसेजला नुसतं "बरं" लिहायची चोरी झालीय, "बरं" लिहिलं की दादा रागावला.

लहानपणाचं सांगायचं तर मला किडनीचा त्रास होता, दवाखान्याच्या फेऱ्या, आई-बाबा दोघं माझ्यामागं. म्हणून ती पाचेक वर्षांची असल्यापासून विट्याला मावशीकडं राहिली, चौथीपर्यंत तिथंच. मारहाण वगैरे कधीच नाही, खायला-प्यायला, कपडेलत्ते सगळं व्यवस्थित. फक्त मावशीचे मिस्टर एकदम कडक, ही रडली की "रडायला काय झालं, दोन वेळचं मिळतंय ना?" एवढं ठरलेलं वाक्य. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात पाणी शिरलं आणि आम्ही सगळे मावशीकडंच गेलो होतो राहायला, तिचं पहिलं मोठं बिनसलं ते तिथंच. बाबा अजून म्हणतात पूर सगळ्या सांगलीला आला, हिलाच काय झालं.

आता मुद्दा. मी नेटवर वाचलं की बॉर्डरलाइनमध्ये मेंदूतला अमिग्डाला म्हणून भाग असतो तो भावनांना जास्त रिॲक्ट करतो आणि लहानपणी त्रास झालेल्यांचे मेंदूतले भाग लहान पण असतात. तर एमआरआय काढला तर ते दिसेल का? बाबा आयटीआयमध्ये शिकवायचे, त्यांना डोळ्यांनी दिसल्याशिवाय काही पटत नाही. फोटो दाखवून म्हणता येईल बघा, नाटक नाही. आणि दुसरं म्हणजे मार खाल्ला नसताना पण असं होऊ शकतं का? कुणाला अनुभव असला तर सांगा.

---

मिरज_जंक्शन

क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते म्हणून लिहितेय, तुमच्या बहिणीला मी बघितलेलं नाही तेव्हा हे सगळं जनरल समजा.

दादा, एमआरआयच्या नादाला लागू नका. काय होईल सांगू का, तुम्ही हौसेनं पैसे भरून स्कॅन काढाल, रेडिओलॉजिस्ट रिपोर्टवर "नॉर्मल स्टडी" असं लिहून देईल आणि बाबा तोच कागद हातात धरून म्हणतील, बघ, काहीसुद्धा नाही. मग पुढची पाच वर्षं तो कागद कपाटातनं निघत राहणार. फिट्स, गाठ, डोक्याला मार अशी शंका असेल तर डॉक्टर स्वतःहून एमआरआय सांगतात, तेव्हा जरूर काढा, पण बॉर्डरलाइन एमआरआयवर दिसत नाही. निदान बोलून, हिस्टरी घेऊन होतं. मानसिक आजारांच्या निदानाचं डीएसएम म्हणून अमेरिकन पुस्तक आहे, त्यात ९ लक्षणं दिलीयत, त्यातली किमान ५ लागतात, आणि ती एका महिन्यापुरती असून चालत नाहीत.

तुम्ही जे वाचलंय ते खोटं नाहीये पण ते वेगळ्या मशीनचं, म्हणजे मशीन तेच, वापर वेगळा. त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. माणसाला आत झोपवून समोर फोटो दाखवतात, रडणारा चेहरा, रागावलेला चेहरा, आणि त्या वेळी मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला ऑक्सिजन किती बदलतोय ते मोजतात. मग पेशंटच्या गटाची सरासरी काढायची, निरोगी गटाची काढायची, आणि दोन्हीतला फरक बघायचा. फरक सरासरीत असतो. एकट्या माणसाचा फोटो घेऊन "ह्याला आहे, ह्याला नाही" असं जगात कुठंच सांगता येत नाही, मिरजेत नाही आणि अमेरिकेत पण नाही.

पहिला असा अभ्यास २००१ चा, जर्मनीतल्या आखेनचा, त्यात पेशंट होत्या फक्त ६. सहा! नंतर मोठे झाले. मला तुमची भाकरीची गोष्ट वाचून आठवला तो २००३ चा येल विद्यापीठातला. तिथं चार प्रकारचे चेहरे दाखवले, आनंदी, दुःखी, घाबरलेले आणि एकदम कोरे. बॉर्डरलाइनवाल्यांचा डाव्या बाजूचा अमिग्डाला निरोगी लोकांपेक्षा जास्त पेटला, आणि नंतर विचारल्यावर त्यातल्या काहींनी सांगितलं की कोरे चेहरेसुद्धा धमकावणारे वाटले किंवा मनात काय आहे तेच कळेना. कोरा चेहरा. म्हणजे तव्याकडं बघत "हं" म्हणणारी आई. तुमची बहीण तिथं खोटं बोलत नव्हती, तिला खरोखर राग दिसत होता.

आणि दुसरा भाग असा की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अशा वेळी "थांब, एवढं काही नाही" म्हणून आवरायचं काम करतो, ते आवरणं यांच्यात कमी पडतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. शिवाय सवय होत नाही. तुम्हाला-मला तोच त्रासदायक फोटो परत परत दाखवला तर मेंदू कंटाळतो, रिॲक्शन कमी होत जाते. यांच्यात ती तेवढी कमी होत नाही. म्हणून "इतक्यांदा सांगितलं तरी हिला कळत कसं नाही" हा जो घराघरातला प्रश्न आहे त्याचं थोडंफार उत्तर इथं आहे.

आकार लहान असण्याचं तुम्ही वाचलंत ते बहुतेक २००० सालचं, जर्मनीतल्याच बीलेफेल्डचं. २१ पेशंट बायका, हिप्पोकॅम्पस (आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग) जवळपास १६ टक्के आणि अमिग्डाला ८ टक्के लहान. पण ह्याच्यात मेख आहे. २०१२ ला जर्मनीतच काही आजार नसलेल्या, धडधाकट माणसांवर अभ्यास झाला, ज्यांचं बालपण वाईट गेलं होतं त्यांचा अमिग्डाला भीतीदायक चेहऱ्यांना जास्त रिॲक्ट करत होता आणि हिप्पोकॅम्पस लहान होता. आजार कसलाच नाही तरी. म्हणजे हा बदल बालपणाचा की बॉर्डरलाइनचा हे स्कॅनवरून वेगळं काढणंच अवघड. तेव्हा तुमच्या बाबांसमोर ठेवायला पुरावा म्हणून हे चालत नाही.

मार नसताना होतं का, तर हो. त्यावर रात्री सविस्तर लिहिते, आत्ता ओपीडी आहे.

---

आण्णा_अपशिंगेकर (सातारा)

राग मानू नका पण मला आपलं वेगळं वाटतं. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आमच्या वडलांचा चेहरा आम्ही वर्षातनं एकदा बघायचो, ते आले की आम्हाला पळायला लावायचे पहाटे. मास्तर वेताच्या छडीनं हात सुजवायचे, घरी सांगितलं तर घरी अजून दोन बसायच्या. आम्हाला कुणाला बॉर्डरलाइन झालं नाही, बॉर्डरवर मात्र सगळे जाऊन आलो. हल्ली पोरांना जरा मनाविरुद्ध झालं की ट्रॉमा. ह्या पोरीला तर मार पण नाही, मावशीनं फुलासारखी सांभाळली. मग कारण कसलं? आणि कारण असलंच तर त्या घरात राहिलेल्या बाकीच्या पोरांना का झालं नाही, ह्याचं उत्तर कुणीतरी द्या. थट्टा करत नाही, खरंच विचारतोय.

---

कासचा_धुका (सातारा)

आण्णा, तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर मिरजवाल्या ताई देतील. मी मला काय होतं ते सांगते. मला हे निदान आहे. वय तिशीच्या पुढं, नोकरी करते, साताऱ्यातच असते.

लोकांना वाटतं आम्ही भांडण काढतो. भांडण काढायला आधी ठरवावं लागतं. इथं तसं काही होत नाही. नवरा पोवई नाक्यावर गाडी लावून फोनवर बोलत उभा होता, मी हात केला, त्यानं बघितलं आणि बघून परत तिकडं तोंड केलं. ऑफिसचा फोन होता. मला ते माहीत होतं, म्हणजे डोक्याला माहीत होतं, पण छातीत असं काही झालं की हा मला सोडून चाललाय, आत्ता, इथनं. पोटात खड्डा, हात गार, कानात आवाज. आणि ते दोन मिनिटांत जात नाही, घरी येऊन स्वयंपाक झाला, सिरियल संपली तरी तसंच. नंतर तो म्हणतो अगं फोन होता, मी म्हणते माहितीय. दोन्ही खरं असतं एकाच वेळी, हे समोरच्याला समजावून सांगणं महाकठीण.

आणि उलटं पण होतं. फारच झालं की एकदम काहीच वाटेनासं होतं. सुन्न. कुणी चिमटा काढला तरी लांबनं कुणालातरी काढल्यासारखा. थेरपिस्टनी सांगितलं त्याला डिसोसिएशन म्हणतात, मेंदूच सगळं बंद करून टाकतो. घरच्यांना तेव्हा वाटतं बघा किती शांत झाली, कळलं वाटतं हिला. काही कळलेलं नसतं.

आता दादा तुमच्यासाठी. मेंदूचे फोटो दाखवायचं मनात असेल तर माझ्या सासरी काय झालं ते ऐका. माझ्या नवऱ्यानं चांगल्या भावनेनं सासऱ्यांना एक व्हिडिओ दाखवला, अमिग्डाला लाल रंगात वगैरे. सासऱ्यांनी गप्प ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीपासून घरात भाषा बदलली. आधी "हिचा स्वभाव वाईट" होतं, आता "हिच्या डोक्यातच बिघाड आहे" झालं. आधी निदान माझ्याशी भांडायचे तरी, आता भांडत पण नाहीत. पाहुण्यांना हळूच सांगतात. आणि थेरपीला जायचं म्हटलं की "मेंदूच असा आहे तर बोलून काय होणार, कशाला पुण्याच्या खेपा घालायच्या?" म्हणजे व्हिडिओ पटला, पूर्ण पटला, आणि त्यानंच घात केला. तेव्हा बाबांना पटवणं एवढंच ध्येय ठेवू नका, पटून पुढं ते काय करतील तेपण बघा.

---

गावभागातला_मी

हे मी विचारातच घेतलं नव्हतं. बाबांना जर बिघाड आहे एवढंच कळलं तर ते स्थळं बघायचं बंद करतील नाहीतर घाई करून एकदाचं उजवून टाकतील, दोन्हीतलं काहीही होऊ शकतं.

पण मग त्यांच्याशी बोलू काय? आणि खरं सांगू का, माझ्या मनात सारखं येतं की मी आजारी नसतो तर तिला विट्याला पाठवायलाच लागलं नसतं.

---

मिरज_जंक्शन

आले. आण्णांचं आणि तुमचं एकत्रच लिहिते कारण प्रश्न एकच आहे.

२०२० मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी बॉर्डरलाइन आणि बालपण यावरचे तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. निदान झालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी लहानपणीचा किमान एक तरी आघात सांगितला, आणि ज्यांना कसलाच मानसिक आजार नाही अशांच्या तुलनेत असा आघात असण्याची शक्यता जवळपास १४ पट बसली. आता नीट वाचा, सगळ्यात मोठा फरक कशात निघाला? मारहाणीत नाही. भावनिक छळ पहिला आणि त्याच्या खालोखाल दुर्लक्ष. सारखं टाकून बोलणं, लाज काढणं, किंवा पोराच्या मनात काय चाललंय याची कुणी विचारपूसच न करणं. पोटाला मिळतंय म्हणजे पोर सांभाळलं असं आपल्याकडं धरतात, आणि मावशीच्या घरी काही वाईट हेतू होता असं मी म्हणतच नाहीये. पण पाच वर्षांची पोरगी आईसाठी रडतेय आणि तिला रोज ऐकायला मिळतंय की रडण्यासारखं काही नाहीच, तर ती काय शिकणार? मला जे होतंय ते चूक आहे. मग एकतर सगळं आत दाबायचं, नाहीतर एवढं मोठ्यांदा करायचं की कुणालातरी ऐकू येईल. मधलं काही ती शिकलेलीच नसते.

मार्शा लिनेहन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी त्यांची, त्यांचं म्हणणं असं की दोन गोष्टी जुळाव्या लागतात, पोर जन्मतःच जास्त हळवं असणं आणि आजूबाजूची माणसं त्याच्या भावनेला सतत खोटं ठरवणारी असणं. एकेकटी गोष्ट बहुतेक वेळा पुरत नाही. ह्या बाईंनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मानसिक रुग्णालयात दाखल होत्या, म्हणजे नुसतं पुस्तकी ज्ञान नव्हे.

आण्णा, बाकीच्या पोरांना का नाही झालं याचं उत्तर त्यातच आहे. २०१९ मध्ये स्वीडनच्या सरकारी नोंदींवरून मोठा अभ्यास झाला, त्यात माणसामाणसांतला जो फरक आहे त्यातला साधारण ४६ टक्के अनुवांशिक धरला गेला. बाकीचा परिस्थितीचा, आणि तीसुद्धा बरीचशी ज्याची त्याची वेगळी. एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांचं बालपण एक नसतं. तुम्हाला मास्तरांनी मारलं पण तुमच्याबरोबर अख्खा वर्ग मार खात होता आणि संध्याकाळी सगळे मिळून मास्तरांची नक्कल करत होता, हा फार मोठा आधार असतो हो.

आणि दादा, ते ७१ उलटीकडनं वाचा. १०० मधल्या २९ जणांनी असं काहीच सांगितलेलं नाही. शिवाय हे सगळं मोठेपणी आठवून सांगितलेलं, आठवणीचा भरवसा किती धरायचा यावर आमच्यातच वाद आहेत. म्हणून गुन्हेगार शोधायला बसू नका. ना मावशी, ना बाबा, ना तुम्ही. किडनी काय तुम्ही मागून घेतली होती का?

---

द्राक्षबाग_तासगाव

बाबा आयटीआयचे मास्तर म्हणताय ना, मग मी सांगतो कसं सांगायचं. माझा पुतण्या ह्यातलाच आहे आणि मला कुणी मेंदू, अमिग्डाला सांगून कळलं नव्हतं, मोटरीवरनं कळलं.

विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, करंट जास्त झाला की मोटर बंद पाडतो, त्याला ट्रिप म्हणायचं. त्याचं सेटिंग कुणीतरी फार खाली करून ठेवलं असेल तर जरा कुठं व्होल्टेज हललं, करंट वाढला की ट्रिप. मोटर चांगली, पाणी चांगलं, केबल चांगली, तरी ट्रिप. आणि ट्रिप झाल्यावर तुम्ही कितीबी हिरवं बटण दाबा, तो गार झाल्याशिवाय उचलतच नाही. आमच्याकडं तेच चाललं होतं, पोरगं ट्रिप झालं की आम्ही चौघं चारी बाजूनं बटण दाबायचो, समजावायचो, रागवायचो, शपथा घालायचो. आता काय करतो, गार होऊस्तोवर बोलायचंच न्हाई. नुसतं शेजारी बसायचं. "लई लागलंय तुला, दिसतंय मला" एवढं म्हणायचं आणि गप. पाणी द्यायचं. मुद्द्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी बागेत. ह्याचा अर्थ त्याचं सगळं ऐकायचं असा न्हाई हां, गाडीची चावी मागितली तर न्हाईच देत तसल्या वेळी.

आणि महत्त्वाचं म्हणजे रिलेचं सेटिंग बदलता येतं. मास्तरांना हे एका मिनिटात कळंल.

---

आण्णा_अपशिंगेकर

हे मोटरीचं मला पण कळलं. ते वर्गातल्या पोरांचं पण पटलं, आम्ही मास्तरांची नक्कल खरंच करायचो, एकजण तर हुबेहूब करायचा.

फक्त एक शंका राहिली. सेटिंग बदलतं म्हणताय, ते गोळीनं का बोलून?

---

मिरज_जंक्शन

तासगावकर, हे मी उद्यापासून माझ्या पेशंटच्या घरच्यांना सांगणार, हक्क तुमचा.

आण्णा, मुख्यतः थेरपीनं. ब्रिटनमध्ये कुठल्या आजाराला काय उपचार द्यावेत ते ठरवणारी नाइस म्हणून संस्था आहे, तिच्या २००९ च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की बॉर्डरलाइनसाठी म्हणून औषधं देऊ नयेत, सोबत डिप्रेशन किंवा अजून काही असेल तर त्याच्यासाठी देतात. म्हणून तुमच्या बहिणीच्या चालू गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत दादा, कशासाठी आहेत ते डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या एकदम सोडल्या की भलतंच होतं.

डीबीटीत काय करतात तर कौशल्यं शिकवतात, अक्षरशः शिकवणीसारखी. भावना चढायला लागली हे शरीरावरनं ओळखायचं, त्या क्षणी काय करायचं, समोरच्याकडं मागणी कशी करायची, नकार कसा पचवायचा. अमेरिकेत २०१४ मध्ये छोटा अभ्यास झाला, ११ पेशंट, एक वर्ष डीबीटी, आधी आणि नंतर स्कॅन. अमिग्डालाची उसळी कमी झाली होती, आणि ती ज्यांच्यात जास्त कमी झाली त्यांना भावना आवरणंही जास्त जमायला लागलं होतं. अकरा म्हणजे फार नाहीत, मी फुगवून सांगत नाही. पण "मेंदूच असा आहे तर बोलून काय होणार" म्हणणाऱ्या सासऱ्यांसाठी हेच उत्तर आहे, बोलून, शिकून मेंदूचं वागणं बदलतं.

आणि बरं होण्याचं विचाराल तर ह्या आजाराबद्दल जेवढं वाईट बोललं जातं तेवढं वाईट चित्र नाहीये. मेरी झानारिनी या अमेरिकन संशोधिकेच्या गटानं हॉस्पिटलात भरती झालेले २९० पेशंट वर्षानुवर्षं फॉलो केले. १० वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निदानाच्या खाली गेली आणि किमान २ वर्षं खालीच राहिली. पण नोकरी, नाती, सगळं रुळावर येणं हे धरलं तर ५० टक्के. म्हणजे वादळं थांबतात लवकर, आयुष्य बसायला वेळ लागतो. त्यासाठीच शिक्षण, काम सोडू देऊ नका तिला.

---

कासचा_धुका

हे ५० टक्क्यांचं अगदी खरं. मला आता कापरं भरण्याइतकं क्वचित होतं, पण मैत्रिणी ज्या गेल्या त्या गेल्या, परत जोडायला फार जड जातं.

दादा, मला कशाचा उपयोग झाला ते लिहिते. चढायला लागलं की थंडगार पाणी तोंडावर, नुसतं शिंपडायचं नाही, बादलीत तोंड घालून थोडा वेळ श्वास रोखायचा, त्यानं ठोके खाली येतात. हार्टचा त्रास असेल तर करायचं नाही, आधी विचारायचं. दुसरं, नवऱ्यानं सवय लावून घेतली, फोनवर असला आणि मी दिसले की हातानं "पाच मिनिटं" अशी खूण करतो. हसू येईल तुम्हाला, पण कोरा चेहरा भरून काढायला ती पाच बोटं पुरतात. तुमच्या आईला सांगा, तव्याकडं बघत असल्या तरी "थांब हं, ही भाकरी उलटते आणि ऐकते" एवढं तोंडानं म्हणायचं. आणि तुम्ही "बरं" च्या जागी "बरं गं, कामात आहे, सातला फोन करतो" लिहा आणि सातला कराच. आठला करणार असाल तर सात लिहू नका.

---

विश्रामबाग_७२

कुणी व्यवहाराचं लिहिलं नाही म्हणून.

मिरजेत शासकीय मेडिकल कॉलेजला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथनं सुरुवात करा, खर्च कमी. डीबीटी शिकलेले थेरपिस्ट आपल्या भागात हाताच्या बोटावर मोजण्याइतके, ऑनलाइन चालत असेल तर पुण्या-मुंबईचे मिळतात, पण विचारून घ्या की डीबीटीचं ट्रेनिंग कुठं झालं, नुसतं काउन्सेलिंगच्या पाटीवर जाऊ नका. रात्री-बेरात्री ती जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलली तर हसण्यावारी नेऊ नका, "नुसती धमकी देते" असं तर म्हणूच नका. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिला लगेच धोका आहे असं वाटलं तर एकटं सोडायचं नाही, सरळ सिव्हिल गाठायचं, घरातल्या गोळ्यांचा डबा कुलपात.

विमा कंपनीनं मानसिक आजार म्हणून हात वर केले तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ दाखवा, शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला लागतो. आणि त्याच कायद्यानं तिचं निदान ही तिची खाजगी गोष्ट आहे, २४ वर्षांची आहे ती, स्थळाला काय सांगायचं ते तिला ठरवू दे, तुम्ही किंवा बाबांनी परस्पर नाही.

---

गावभागातला_मी

सगळ्यांचे आभार. एमआरआयचं डोक्यातनं काढलं. आईला भाकरीचं सांगितलं, ती म्हणाली एवढंच ना, मला वाटलं काय मोठं करायचंय.

बाबांशी मोटरीचं बोललो. पटलं असं काही म्हणाले नाहीत, आधी रिलेचं सेटिंग फुल लोड करंटवर कसं धरायचं तेच मला अर्धा तास शिकवलं. मग विचारलं, हिला खाली सेट केलं कुणी? मी म्हटलं कुणी एकानं नाही. त्यावर उठून बाहेर गेले. आज सकाळी मला म्हणाले तुझी ती डॉक्टरीणबाई बापांना भेटते का. मिरजवाल्या ताई, पुढच्या वेळी तिच्या डॉक्टरांकडं बाबांना बरोबर नेलं तर चालतं का? बहिणीसमोर बसवायचं का वेगळं?

---

मिरज_जंक्शन

चालतं, आधी बहिणीला विचारा, ती हो म्हणाली तरच. पहिल्यांदा वेगळं बसवा, डॉक्टरांना अपॉइंटमेंट घेतानाच सांगून ठेवा की वडील येणारेत म्हणजे ते वेळ जास्त ठेवतील. बाबांना म्हणावं प्रश्न कागदावर लिहून आणा, मास्तर आहेत, लिहितील. आणि त्या आधीच्या डिप्रेशन, बायपोलरच्या चिठ्ठ्या टाकून दिल्या नसतील तर फाइलला लावून न्या, कुठली गोळी कधी चालू होती ते बघायला लागतं.